सल्ला न देणारा समुपदेशक: कोण होते कार्ल रॉजर्स?

समुपदेशकाने सल्ला द्यायचा की ऐकायचे? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना याचे उत्तर एका आईकडून मिळाले.

१९०२ मध्ये शिकागोजवळ जन्मलेले रॉजर्स आधी शेती, मग धर्मशास्त्र शिकले आणि शेवटी मानसशास्त्राकडे वळले. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे ते १२ वर्षे मुलांच्या समस्या हाताळत होते. तिथे एका व्रात्य मुलाच्या आईला, मूळ दोष तिच्याच वागण्यात असल्याचे त्यांनी परोपरीने समजावले. उपयोग शून्य. दोघांनीही हात टेकले. दारापर्यंत गेलेली ती आई मात्र वळली आणि इथे मोठ्यांचेही समुपदेशन होते का, असे विचारत परत बसली. मग तिने मोडकळीला आलेल्या संसाराची कहाणी सांगितली. रॉजर्स बहुतेक ऐकतच राहिले. पुढे तिला आणि मुलालाही फरक पडला.

१९४२ च्या पुस्तकापासून त्यांनी ‘रुग्ण’ऐवजी ‘क्लायंट’ हा शब्द रूढ केला. उपचारांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासणे, हेही तेव्हा नवेच.

१९४५ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात समुपदेशन केंद्र उभारले. विद्यार्थीही तिथे मन मोकळे करायला येत. त्याच काळात एका क्लायंटवर उपचार करताना रॉजर्स स्वतःच इतके खचले, की काही महिने शहर सोडून गेले. परतल्यावर त्यांनी आपल्याच एका सहकाऱ्याकडून थेरपी घेतली.