ट्रामच्या त्रासातून चुंबकसुई वाचवायला नानाभाई मूस यांनी थेट अलिबाग गाठलं होतं

समजा, पनवेलमधल्या एखाद्या घरात जुना डेस्कटॉप आहे. त्याला वाय-फाय नाही, म्हणून बाजारातून एक छोटा यूएसबी डोंगल आणला जातो. सीपीयूच्या मागच्या निळ्या पोर्टला तो लावायचा, ड्रायव्हर टाकायचा, यादीतून घरच्या राउटरचं नाव निवडायचं, पासवर्ड टाकायचा. पाच मिनिटांत कॉम्प्युटर कनेक्ट.

पण व्हिडिओ काही चालत नाही. नुसतं गोल गोल फिरत राहतं. शेजारीच ठेवलेल्या मोबाईलला मात्र फुल रेंज.

मग ड्रायव्हर काढून परत टाकला जातो, राउटर बंद-चालू होतो आणि शेवटी डोंगलच खराब निघाला असं ठरतं.

खरं तर अशा वेळी बऱ्याचदा घोळ डोंगलमध्ये नसतो, त्याच्या जागेत असतो. डोंगलमधला अँटेना जेमतेम बोटाच्या पेराएवढा. तो सीपीयूच्या पत्र्याच्या डब्यामागे लपला की राउटरकडून येणाऱ्या लहरी त्या पत्र्यावर अडतात. वाय-फायचा एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा असतो, म्हणजे त्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात. निळ्या पोर्टमधून, म्हणजे यूएसबी ३ मधून डेटा वेगानं जाऊ लागला की नेमकी याच पट्ट्यात विजेची खरखर तयार होते. ही गोष्ट इंटेल कंपनीनं २०१२ मध्ये मोजमाप करून मांडली होती.

उपाय एकदम स्वस्त आहे. यूएसबीची एक-दीड मीटरची एक्स्टेन्शन केबल घ्यायची आणि डोंगल टेबलावर उघड्यावर ठेवायचा.

यंत्र चांगलं आहे, पण शेजारचा गोंगाट त्याला काम करू देत नाही. हा प्रश्न वाय-फायच्या फार आधीचा आहे. मुंबईत तो १२० वर्षांपूर्वी आला होता आणि तेव्हा पणाला लागली होती तब्बल ६० वर्षांची मेहनत. ती वाचवणाऱ्या माणसाचं नाव होतं नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस.

नानाभाईंचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. मुंबईतलं पारशी कुटुंब.

योगायोग बघा. त्यांच्या जन्माच्या जेमतेम दोन महिने आधी, १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावर मोठा स्फोट होऊन पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं होतं. युरोप-अमेरिकेत तारखात्यातल्या लोकांना यंत्रांचे झटके बसले. काही ठिकाणी तर बॅटरी काढून टाकली तरी तारायंत्र चालत होतं, कारण वादळानंच तारांमध्ये वीज निर्माण केली होती. त्या वेळी मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत कर्मचारी चुंबकसुईवर डोळा ठेवून बसले होते आणि तिचे आकडे वहीत उतरवत होते.

ही कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये उभारली. सुरुवातीचं काम जहाजांना अचूक वेळ सांगणं आणि आकाशाचे वेध घेणं हे होतं. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली.

पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे, हे शाळेत सगळेच शिकतात. पण या चुंबकाची ताकद एकसारखी राहत नाही. ती दिवसभरात थोडी वर-खाली होते, ऋतूप्रमाणे बदलते आणि सूर्य खवळला की एकदम ढासळते. मुंबईत जमिनीला समांतर असणारं चुंबकीय बल सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. रोजचा चढउतार मात्र काही दशक नॅनोटेस्लांचा. म्हणजे एवढ्या मोठ्या आकड्यातला हजारावा भाग पकडायचा असतो.

त्यासाठी बारीक धाग्यावर चुंबक टांगायचा, त्याला आरसा चिकटवायचा आणि आरशावर प्रकाश सोडायचा. चुंबक केसभर हलला तरी परावर्तित प्रकाशाचा ठिपका दूरवर सरकतो. पुढे हा ठिपका घड्याळावर फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पाडायची सोय झाली आणि सुईची हालचाल आपोआप रेघेच्या रूपात उमटू लागली.

नानाभाईंनी एडिंबरा विद्यापीठात शिक्षण घेतलं. एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे ते फेलोही झाले. १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स वारले आणि ही जबाबदारी नानाभाईंकडे आली.  वय होतं ३६. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला आणि लोक शहर सोडून पळू लागले. अशा काळात रात्रंदिवस न चुकता नोंदी घेत राहणारी संस्था त्यांनी हातात घेतली.

हवामान आणि चुंबकत्व तर होतंच, त्यांच्या काळात कुलाब्याला भूकंपमापक यंत्रही आलं आणि भूकंपाच्या नोंदींचा अभ्यासही त्यांनी केला.

पण खरं संकट येत होतं ते रस्त्यावरून.

मुंबईत १८७४ पासून ट्राम होती, पण ती घोडे ओढायचे. घोड्याचा चुंबकसुईला काही त्रास नव्हता. १९०० च्या सुमाराला या ट्राम विजेवर चालवायचं घाटत होतं. शहर वाढत होतं, लोकांना जलद वाहन हवं होतं. त्यात चूक काहीच नव्हती.

वेधशाळेला मात्र ही ट्राम म्हणजे मरणच होतं. विजेच्या ट्रामला वरच्या तारेतून करंट मिळतो आणि तो रुळांमधून परत जातो. सगळा करंट रुळातूनच जात नाही, त्यातला काही जमिनीत पाझरतो. जिथं करंट वाहतो तिथं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ट्राम सुरू झाली की सुई हलणार, थांबली की पुन्हा हलणार. मग कागदावरची रेघ सूर्यामुळे वाकली की कुलाब्याला येणाऱ्या ट्राममुळे, हे कोण सांगणार?

युरोपातल्या काही शहरांमधल्या वेधशाळांनी हाच त्रास भोगला होता.

मग यंत्रं उचलायची आणि दुसरीकडे न्यायची. इतकं सोपं होतं का? नाही. पहिला प्रश्न होता, न्यायची कुठं? जागा मुंबईपासून फार लांब असली, तर तिथलं चुंबकत्वच वेगळं. फार जवळ असली तर ट्रामचा त्रास कायम. शेवटी मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं गेलं. गंमत म्हणजे अलिबाग ज्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं, त्याचं नावही तेव्हा कुलाबाच होतं. आजचा रायगड जिल्हा तो हाच, पनवेल तालुका ज्यात येतो.

दुसरा प्रश्न इमारतीचा. कोकणात घर बांधायचं म्हणजे काळा दगड हाताशी. पण सह्याद्रीचा हा काळा पाषाण लाव्हारसापासून बनलेला, त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. त्याच्या भिंती बांधल्या असत्या तर सुईला ट्राममधून सोडवून दगडाच्या तावडीत दिल्यासारखं झालं असतं. म्हणून चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणून त्यात बांधकाम झालं. लोखंडाला तिथं थारा नव्हता.

आणि तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड होता. कुलाब्याची नोंदवही १८४० च्या दशकापासून सलग चालत आली होती. सूर्यावरच्या डागांचं चक्र सुमारे ११ वर्षांचं असतं. ६० वर्षांच्या नोंदी म्हणजे अशी जेमतेम पाच चक्रं. नवीन जागेचे आकडे जुन्या आकड्यांशी जुळवता आले नाहीत, तर ही माळ मधेच तुटणार. मग अलिबागला पुन्हा शून्यापासून सुरुवात आणि पाच चक्रं बघायला आणखी ६० वर्षं.

नानाभाईंनी यावर जे केलं ते फार साधं होतं, पण त्याला धीर लागतो. १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली, तरी त्यांनी कुलाब्याची मोजणी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. तीच वादळं, तेच दिवस, तेच ऋतू दोन जागी मोजले गेले. दोन्ही जागांमध्ये फरक नेमका किती, तो सगळ्या ऋतूंत कायम राहतो का, हे आकड्यांवरून कळलं. त्याची खात्री पटल्यावरच कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबली.

७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली. शहराला ट्राम मिळाली आणि नोंदींची माळही तुटली नाही.

त्यानंतर नानाभाई बसले ते जुन्या वह्या घेऊन. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या ६० वर्षांच्या कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केल्या. पहिल्या खंडात आकडे आणि यंत्रांची माहिती, दुसऱ्यात त्या आकड्यांचा अर्थ. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. तासातासाच्या लाखो नोंदींची बेरीज-वजाबाकी माणसांनी हातानं केली होती.

त्यातून एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. चुंबकीय वादळ म्हणजे सुईचा नुसता थयथयाट नसतो, त्याला एक ठरलेली चाल असते. आधी बल अचानक थोडं वाढतं, मग काही तासांत जोरात कोसळतं आणि पुढे काही दिवस हळूहळू सावरत राहतं. एका वादळावरून हे कळलं नसतं. अनेक वादळं एकावर एक ठेवून बघितली तेव्हा ही चाल दिसली. जगभरच्या अभ्यासकांना पुढे याच कामाचा आधार मिळाला.

१९१९ मध्ये नानाभाई निवृत्त झाले. १८ फेब्रुवारी १९३६ ला त्यांचं निधन झालं. आज त्यांचं नाव मुंबईतही फार थोड्यांना माहीत असेल.

त्यांच्या वेधशाळांचा वारसा मात्र पनवेलकरांच्या अगदी शेजारी आहे. भूचुंबकत्वाचं हे काम १९७१ मध्ये हवामान खात्यापासून वेगळं होऊन भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे गेलं. तिचं मुख्यालय आता नवीन पनवेलमध्ये आहे. अलिबागची वेधशाळा ही संस्थाच चालवते आणि तिथली मोजणी आजही सुरू आहे. फोटोच्या कागदाची जागा आता डिजिटल यंत्रांनी घेतली आहे, इतकाच फरक.

जपलेल्या जुन्या वहीचं मोल २००३ मध्ये कळलं. अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अलेक्स यांच्यासह अभ्यासकांनी १८५९ च्या त्या वादळाचा पुन्हा अभ्यास केला. कुलाब्याच्या नोंदीत बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलेलं दिसलं. तुलनेसाठी, मार्च १९८९ मध्ये ज्या वादळानं कॅनडाच्या क्युबेक प्रांतातली वीज घालवली आणि ६० लाख लोक अंधारात गेले, त्या वादळाचा जगभरातला सरासरी आकडा ५९० च्या आसपास होता. १८५९ सारखं वादळ आज आलं तर वीजवाहिन्या, उपग्रह आणि जीपीएस यांचं काय होईल, याचा अंदाज बांधताना मुंबईतली ही नोंद जगभर वापरली जाते.

आता एक गैरसमज होऊ शकतो, तो दूर केलेला बरा. घरातलं वाय-फाय बंद पडण्याचं कारण सूर्यावरचं वादळ नसतं. मे २०२४ मध्ये मोठं चुंबकीय वादळ आलं, लडाखच्या हानलेमध्ये आकाश लाल झालेलं दिसलं, पण घराघरातले राउटर नेहमीसारखेच चालू होते. शिवाय ट्रामचा त्रास चुंबकीय क्षेत्राचा होता आणि डोंगलचा त्रास रेडिओ लहरींचा आहे. सारखी आहे ती फक्त अडचण सोडवायची रीत.

ती रीत घरच्या डोंगललाही लागू पडते. गोंगाट कुठून येतो ते आधी ओळखायचं. पत्र्याचा सीपीयू, निळ्या पोर्टला लावलेली हार्ड डिस्क, चालू असलेला मायक्रोवेव्ह हे नेहमीचे संशयित. मग डोंगल केबलनं त्यांच्यापासून लांब, शक्यतो राउटरच्या दिशेला उघड्यावर आणायचा. डोंगल आणि राउटर दोन्हीला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालत असेल तर तो निवडून बघायचा. तिथं निळ्या पोर्टची खरखर पोचत नाही, पण भिंती मध्ये आल्या की त्याची रेंज लवकर कमी होते.

आणि जुनी जागा सोडण्याआधी दोन्ही जागांवर स्पीड मोजायचा. एकदाच मोजून भागत नाही, सकाळी एकदा आणि रात्री सगळी बिल्डिंग ऑनलाइन असताना एकदा. नुसत्या रेंजच्या कांड्या बघून नवीन जागा चांगली आहे असं ठरवायचं नाही. नानाभाईंनी त्यासाठी दोन वर्षं घेतली होती, डोंगलला एक दिवस पुरतो.