सुरुंग निकामी करणारे पाणबुडे लायनेल क्रॅब

लंडनमध्ये १९०९ साली जन्मलेले लायनेल क्रॅब हे ब्रिटिश नौदलाचे नामवंत पाणबुडे. विशेष म्हणजे, पोहण्यात ते कधीच तरबेज नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये त्यांची जिब्राल्टरला नेमणूक झाली. इटलीचे पाणबुडे रात्री तेथील जहाजांच्या तळाला स्फोटके चिकटवून जात. ब्रिटिश पाणबुड्यांनी वर आणलेली स्फोटके निकामी करणे, एवढेच क्रॅब यांचे काम होते. मात्र ती काढण्यासाठी ते स्वतःच पाण्यात उतरू लागले. श्वसनासाठी त्यांच्याकडे होते ते बुडालेल्या पाणबुडीतून निसटण्यासाठी बनवलेले उपकरण. या कामगिरीबद्दल १९४४ मध्ये त्यांना जॉर्ज पदक मिळाले. पुढे इटलीची बंदरे सुरुंगमुक्त करताना पूर्वीचे शत्रू असलेले इटालियन पाणबुडेच त्यांचे सहकारी झाले.

काही महिन्यांपूर्वीच भारताचा दौरा केलेले सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन एप्रिल १९५६ मध्ये युद्धनौकेने पोर्ट्समथला पोहोचले. निवृत्त क्रॅब १९ एप्रिल रोजी ब्रिटिश गुप्तहेर संस्थेसाठी त्या नौकेजवळ पाण्यात उतरले, ते परतलेच नाहीत. दुसऱ्याच ठिकाणी उपकरणांची चाचणी घेताना ते बेपत्ता झाले, असे नौदलाने जाहीर केले. मंत्र्यांना या प्रकाराची कल्पना नव्हती, असे सांगून पंतप्रधान अँथनी ईडन यांनी संसदेत अधिक तपशील देण्याचे टाळले.

जून १९५७ मध्ये चिचेस्टरजवळ पाणबुड्याच्या पोशाखातील एक मृतदेह सापडला. त्याला शिर आणि हात नव्हते. तो क्रॅब यांचाच असल्याचे चौकशीत मान्य झाले. मृत्यूचे कारण मात्र निश्चित होऊ शकले नाही.