बोगद्यात जीपीएस गेले, तरी फोनला वळण कसे कळते? वाचा लिऑन फूको यांची गोष्ट

बोदवडहून मुंबईला निघालेली गाडी इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाच्या सुमारे ८ किलोमीटर लांब बोगद्यात शिरते. उपग्रहांचे सिग्नल तुटतात. तरीही नकाशावरचा ठिपका काही वेळ पुढे सरकू शकतो, कारण फोनमधला जायरोस्कोप वळण मोजतो आणि अ‍ॅक्सिलरोमीटर वेगातला बदल. जायरोस्कोप हे नाव दिले फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑन फूको यांनी.

कोण होते फूको?
जन्म पॅरिसचा, १८ सप्टेंबर १८१९. प्रकृती नाजूक, त्यामुळे बरेचसे शिक्षण घरीच. डॉक्टर व्हायला गेले, पण रक्त बघवेना म्हणून ते सोडले. पुढे वर्तमानपत्रात विज्ञानावर लिहू लागले आणि घरीच प्रयोग करत राहिले.

लंबकाने काय दाखवले?
१८५१ मध्ये त्यांनी पॅरिसच्या पँथिऑन इमारतीत ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला. गोळ्याच्या झोक्याची दिशा हळूहळू बदलताना लोकांनी पाहिली. फिरत होती ती खालची पृथ्वी! तिथे एका फेरीला सुमारे ३२ तास लागतात; बोदवडच्या अक्षांशावर सुमारे ६७ तास लागतील.

मग चाक कशाला?
अक्षांशाच्या या गणितात न अडकता तेच दाखवायचे होते. वेगाने फिरणारे, मोकळे टांगलेले चाक आपली दिशा सोडत नाही. १८५२ मधले त्यांचे चाक काही मिनिटांतच मंदावे. तेवढ्यात सूक्ष्मदर्शकातून पृथ्वीचे फिरणे टिपावे लागे. चुंबकाशिवाय उत्तर दिशा शोधता येईल, हेही त्यांनी ओळखले होते.

श्रेय कधी मिळाले?
विज्ञान अकादमीचे सदस्यत्व १८६५ मध्ये मिळाले. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, अवघ्या ४८व्या वर्षी ते गेले. जहाजांना जायरोकंपास मिळाला तो त्यानंतर सुमारे ४० वर्षांनी.

आज फोनमध्ये काय असते?
चाक नसते. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म भाग थरथरत असतो. म्हणजे तत्त्व फूको यांच्या लंबकाच्या जवळचे. पण मोजमापातल्या बारीक चुका साठत जातात आणि ठिपका भरकटतो. बोगद्याबाहेर सिग्नल मिळताच उपग्रह ती चूक सुधारतात. म्हणूनच दोन्ही लागतात.