एल्फिन्स्टन नांवाचे बिशप

एल्फिन्स्टन हें नांव मुंबईच्या रहिवाशांस नवीन नाहीं. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्यांनीं महाराष्ट्रांत मोठमोठीं कार्यें केलीं. आणि एल्फिन्स्टन रोड हें रेल्वेचें स्टेशन तर २०१८ सालीं त्याचें प्रभादेवी असें नामांतर होईपर्यंत गिरणगांवच्या लोकांच्या रोजच्या तोंडीं होतें. परंतु हें नांव मूळचें स्कॉटलंडमधील एका घराण्याचें आहे. आणि ज्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनमुळें तें आपल्याकडे रुजलें, त्याच्या जन्मापूर्वीं सुमारें साडेतीनशें वर्षें त्याच नांवाचे एक कॅथोलिक बिशप जन्मास आले होते, ही गोष्ट आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं त्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. आपण उभारलेलें आपल्यामागें टिकेल कीं नाहीं, हा प्रश्न मंदिर किंवा शाळा बांधणाऱ्या प्रत्येकास पडतो. या बिशपांच्या बाबतींत तर तो फारच कठोर रीतीनें उभा राहिला.

विल्यम एल्फिन्स्टन यांचा जन्म ग्लासगो शहरांत १४३१ सालीं झाला. त्यांचे वडील स्वतः धर्मगुरू होते, आणि मुलाचा जन्म विवाहबंधनाबाहेर झालेला होता. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत आम्हांस कांहीं अर्थ दिसत नाहीं. त्या काळच्या कायद्याप्रमाणें अशा मुलास धर्मगुरुपदाचा मार्ग बंद असे. पोप महाराजांची खास सवलत मिळाली तरच तो उघडे. विल्यम यांस ती सवलत मिळाली. ज्या दोषांत त्यांचा स्वतःचा कांहींच अपराध नव्हता, त्याची छाया डोक्यावर घेऊन त्यांनीं आयुष्याचा आरंभ केला, आणि विद्या व सदाचरण यांच्या बळावरच त्यांस वर यावें लागलें.

ग्लासगोचें विद्यापीठ १४५१ सालीं नुकतेंच स्थापन झालें होतें. तेथें त्यांनीं पदवी घेतली. पुढें फ्रान्सांत जाऊन पॅरिस येथें त्यांनीं ख्रिस्तसभेच्या कायद्याचा आणि ऑर्लेआं येथें रोमन कायद्याचा अभ्यास केला. पॅरिस येथें कांहीं काळ अध्यापनहि केलें. स्वदेशीं परतल्यावर १४७४ सालीं ते ग्लासगो विद्यापीठाचे रेक्टर झाले. नंतर धर्मसभेच्या न्यायालयांत न्यायदानाचें काम त्यांच्याकडे आलें. राजा तिसरा जेम्स यानें त्यांची योग्यता ओळखून त्यांस राज्याच्या सल्लागार मंडळांत घेतलें, परराज्यांत वकील म्हणून पाठविलें, आणि १४८३ सालीं अॅबर्डीनच्या बिशपपदावर त्यांची नेमणूक झाली.

१४८८ सालीं राजानें त्यांस चान्सलरचें पद दिलें. पण त्याच वर्षाच्या जून महिन्यांत बंडखोर सरदारांशीं झालेल्या लढाईंत राजा मारला गेला. बंडवाल्यांनीं त्याच्याच पोरसवदा मुलास आपल्या बाजूस पुढें केलें होतें, आणि तोच चौथा जेम्स म्हणून गादीवर आला. बिशप शेवटपर्यंत जुन्या राजाशीं एकनिष्ठ राहिले होते. तेव्हां नव्या राजवटींत त्यांचा निभाव लागणार नाहीं असेंच कोणासहि वाटलें असतें. पण बापाशीं ज्यानें इमान राखलें तो आपल्याशींहि राखील, हें नव्या राजानें जाणलें. १४९२ पासून मरेपर्यंत राजमुद्रा सांभाळण्याचा अधिकार बिशपांच्याच हातीं होता.

या अधिकाराचा उपयोग त्यांनीं कशाकडे केला तें पाहण्यासारखें आहे. अॅबर्डीन हें स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचें शहर. त्याच्या पाठीशीं डोंगराळ मुलूख. तेथील लोक गरीब व अशिक्षित, आणि विद्येचीं स्थानें त्यांच्यापासून दूर. डोंगर आणि समुद्राच्या खाड्या आडव्या येत असल्यामुळें या लोकांस विद्या मिळत नाहीं, असें राजाच्या नांवें पोप सहावे अलेक्झांडर यांस कळविण्यांत आलें, आणि १४९५ च्या फेब्रुवारींत नव्या विद्यापीठाची परवानगी मिळाली. पॅरिस येथें शिकलेले हेक्टर बोईस यांस बोलावून बिशपांनीं पहिले प्राचार्य नेमलें. धर्मशास्त्र व कायदा यांच्या जोडीस १४९७ सालीं वैद्यकाच्या अध्यापकाची जागा निर्माण झाली. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ही अशी पहिलीच. गरीब विद्यार्थ्यांच्या निर्वाहाचीहि सोय त्यांनीं करून ठेविली. २ एप्रिल १५०० रोजीं कॉलेजाच्या चॅपेलाचें बांधकाम सुरू झालें, आणि त्याच्या मनोऱ्यावर दगडी राजमुकुट चढला.

विद्यापीठ एका शहराचें. पण शाळा साऱ्या राज्याला हवी. १४९६ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें असा कायदा केला कीं, जमीनदारांनीं आपल्या वडील मुलांस आठव्या-नवव्या वर्षापासून शाळेंत घालावें, लॅटिन पक्कें होईपर्यंत तेथेंच ठेवावें, आणि त्यानंतर तीन वर्षें कायद्याचें ज्ञान द्यावें. न पाळणारास वीस पौंड दंड. उद्यां जे गांवोगांवीं न्याय देणार, ते निरक्षर असतील तर गरिबाचें गाऱ्हाणें कोण ऐकणार, हा त्यांतील हेतु. या कायद्याचें श्रेय बिशप एल्फिन्स्टन यांस देण्यांत येतें. पुढें १५०७ सालीं राजानें एडिंबरो येथील चेपमन आणि मिलर या दोघांस छापखान्याची सनद दिली, तिच्यामागेंहि बिशपांचीच प्रेरणा होती. या छापखान्याच्या योगानें १५१० पर्यंत अॅबर्डीन ब्रेव्हिअरी दोन खंडांत बाहेर पडली. स्कॉटलंडच्या जुन्या संतांच्या कथा खेड्यापाड्यांतून गोळा करून त्यांनीं या प्रार्थनाग्रंथांत घातल्या. आपल्या लोकांनीं आपल्याच मातींतील संतांस विसरूं नये, ही त्यांची तळमळ होती.

आणि मग १५१३ साल उजाडलें. फ्रान्सशीं असलेल्या मैत्रीस्तव इंग्लंडवर स्वारी करावी असें राजाच्या मनानें घेतलें. बिशप तेव्हां ब्याऐंशीं वर्षांचे होते. राजसभेंत त्यांनीं युद्धास विरोध केला. पण तरुण सरदारांच्या उत्साहापुढें वृद्धाचें कोण ऐकतो? ९ सप्टेंबर रोजीं फ्लॉडनच्या रणांगणावर राजा पडला, सेंट अँड्र्यूजचे तरुण आर्चबिशप पडले, आणि देशांतील सरदारांची जवळजवळ एक पिढी कापली गेली. ज्या मुलांस शाळेंत घालावें म्हणून बिशपांनीं खटपट केली, त्यांतील कितीतरी त्या चिखलांत मिळालीं. त्या दिवसानंतर बिशपांच्या चेहऱ्यावर कोणीं हास्य पाहिलें नाहीं, असें सांगतात. तरी त्यांनीं हात टेकले नाहींत. बालराजाच्या राज्याची घडी बसविण्यासाठीं ते एडिंबरोस गेले, आणि तेथेंच २५ ऑक्टोबर १५१४ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांचा देह अॅबर्डीनला आणून त्यांनींच बांधलेल्या चॅपेलांत, मुख्य वेदीसमोर ठेवण्यांत आला.

त्यांच्या मागें आणखी मोठें वादळ आलें. १५६० सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें पोपची सत्ता झुगारून दिली आणि मिस्सा बेकायदा ठरविली. १५६९ सालीं कॉलेजाचे कॅथोलिक प्राचार्य व त्यांचे सहाध्यापक यांस पदच्युत करण्यांत आलें. ज्या वेदीपुढें बिशप विसांवले होते, तेथें मिस्सा होईनाशी झाली. संस्थापकाच्या दृष्टीनें पाहूं गेलें तर सर्वस्व बुडालें असेंच म्हणावें लागेल.

तथापि सर्व बुडालें नाहीं. डी नदीवरील सात कमानींचा जो पूल त्यांनीं योजला, तो पुढें त्या पदावर आलेले बिशप गॅविन डनबार यांनीं १५२७ सालीं पुरा केला. त्यावरून आजहि रहदारी चालते. चॅपेल उभें आहे, आंतील कोरीव लांकडी आसनें जागच्या जागीं आहेत. १६३३ च्या वादळांत दगडी मुकुट कोसळला, तो लोकांनीं पुन्हां बांधला. कॉलेज १८६० सालीं दुसऱ्या कॉलेजाशीं जोडलें जाऊन आजचें अॅबर्डीन विद्यापीठ झालें. धर्माचे वाद होत राहिले. शिकविण्याचें काम थांबलें नाहीं.

आतां त्या दुसऱ्या एल्फिन्स्टनकडे वळूं. माउंटस्टुअर्ट १७७९ सालीं स्कॉटलंडांत जन्मला आणि १७९६ सालीं हिंदुस्थानांत आला. पेशव्यांच्या दरबारीं तो इंग्रजांचा रेसिडेंट होता, आणि मराठी राज्य बुडविण्यांत त्याचा हात होता, हें आपण विसरूं शकत नाहीं. पण १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असतां त्यानें देशी भाषांतील शाळा व पुस्तकें यांस उत्तेजन दिलें. तो जावयास निघाला तेव्हां मुंबईच्या नागरिकांनीं दोन लाखांहून अधिक रुपये जमविले, आणि त्यांतूनच त्याच्या नांवाचें कॉलेज उभें राहिलें. त्याच घराण्यांतील सेनापति विल्यम एल्फिन्स्टन याचें नांव मात्र १८४२ च्या काबूलच्या माघारींत झालेल्या भयंकर संहाराशीं कायमचें जोडलें गेलें. नांव एकच, पण लोकांनीं प्रत्येकास ओळखलें तें ज्याच्या त्याच्या कृतीवरून.

आपल्या धर्मग्रामाच्या मंदिराचा एक एक दगड ज्यांनीं रचला, शाळेसाठीं ज्यांनीं पदरमोड केली, त्यांपैकीं पुष्कळांचीं नांवें कोणत्याहि स्टेशनावर लागलीं नाहींत व लागणारहि नाहींत. त्यांस आपल्या श्रमाचें फळ पाहण्यास मिळालें असो वा नसो, पूल तर बांधून झाला आहे, आणि आपण सर्व त्यावरून चालत आहोंत. या ज्युबिलीच्या वर्षीं आम्ही त्यांचें कृतज्ञतापूर्वक स्मरण करतों, आणि जो भाग अपुरा राहिला असेल तो पुरा करण्याची बुद्धि व बळ परमेश्वरानें आपणांस द्यावें, अशी प्रार्थना करतों.