माहीमच्या लेडी जमशेटजी

आम्ही कळव्याला राहतो, पण माझे आजोळ मुरबाड तालुक्यात आहे. गावाच्या अलीकडे ओढा आहे. त्यावर गावकऱ्यांनी ओंडके टाकून साकव केलाय. दर पावसाळ्यात तो वाहून जातो आणि दसऱ्यापर्यंत आजी काही भेटत नाही. म्हणून गुरुजींनी थोर व्यक्तींविषयी लिहायला सांगितले, तेव्हा मी पूल बांधणारे कोणी मिळते का ते शोधले. मला एक बाई सापडल्या. त्यांचे नाव आवाबाई.

१८०३ साली त्यांचे लग्न जमशेटजी जीजीभाई यांच्याशी झाले. जमशेटजींचे आईवडील ते लहान असतानाच वारले होते. मामांकडे ते रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात होते, आणि आवाबाई त्या मामांचीच मुलगी. पुढे जमशेटजींनी चीनशी व्यापार केला व फार पैसा मिळवला. त्यात कापूस होता तशी अफूही होती. अफूने चीनमध्ये कितीतरी घरे बुडाली. हेही लिहायला पाहिजे असे गुरुजी म्हणाले, म्हणून लिहिले. १८४२ साली जमशेटजींना सर हा किताब मिळाला आणि आवाबाई लेडी जमशेटजी झाल्या.

त्या वेळी मुंबई हे बेट होते. वांद्रे पलीकडे साष्टीत, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. मधे माहीमची खाडी. भाजीवाले, कोळी, बायामुले सगळे होडीतून जात. पावसाळ्यात पाणी खवळले की होड्या उलटत, माणसे बुडत. १८४१ साली असाच मोठा अपघात झाला. बांध घालावा असे बरेच दिवस चालले होते, पण सरकार खर्च करीना. तेव्हा आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले. मात्र त्यांची एक अट होती. जाणाऱ्या-येणाऱ्याकडून कर घ्यायचा नाही. मला ही अट पैशांपेक्षा मोठी वाटते. पूल असून खिशात पैसे नसले तर माणूस अलीकडेच राहणार ना!

काम साधेच होते. खाडीत दगड आणि भराव टाकून रस्ता उंच करायचा आणि भरती-ओहोटीच्या पाण्याला मधे पुलाखालून वाट ठेवायची. पाणी सगळे अडवले तर ते बांधच फोडते. आमच्या साकवाचे ओंडके फार खाली आहेत, त्याचे हेच होते असे मला वाटते. १८४५ साली बांध खुला झाला.

जमशेटजी पुढे आपल्या रेल्वे कंपनीतही होते. १८५४ साली तिची गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कळव्यावरून कल्याणला गेली. १८५९ साली जमशेटजी वारले.

दिवाळीत बाबांनी मला बसने माहीमहून वांद्र्याला नेले. मी खिडकीतून दोन्ही बाजूंना नाका दिसतो का ते पाहत होतो. नव्हता.