गास्पार मोंज

वैमानिक होण्याची उत्कंठा बाळगणारे विद्यार्थी बहुतेक प्रत्येक वर्गांत असतात. हवाई दलाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करूं लागतांच त्यांची एका निराळ्या प्रश्नप्रकाराशीं गांठ पडते. ठोकळ्यांची रास दाखविलेली असते. न दिसणारे धरून ते किती, हें सांगावयाचें. एखादी आकृति फिरविल्यावर कशी दिसेल, तें ओळखावयाचें. पुष्कळांची अशी समजूत असते, कीं ही दृष्टि उपजतच असावी लागते. ज्या पुरुषानें या दृष्टीचें शास्त्र बनविलें, त्याचें चरित्र आम्ही म्हणूनच वाचकांपुढें ठेवीत आहों.

गास्पार मोंज याचा जन्म फ्रान्समधील बोन या गांवीं इ. स. १७४६ च्या मे महिन्यांत झाला. बाप फेरीवाला, परंतु मुलांच्या शिक्षणाविषयीं त्याची कळकळ मोठी. गांवांतील धर्मगुरूंच्या शाळेंत गास्पारनें उत्तम नांव मिळविलें. पुढें तो लियों येथें शिकावयास गेला असतां तेथील गुरुजनांनीं त्या कोवळ्या वयांतच त्याच्यावर पदार्थविज्ञान शिकविण्याचें काम सोंपविलें. घरीं परत आल्यावर त्यानें बोन गांवाचा मोठा नकाशा काढला. मोजणीचीं उपकरणेंहि त्यानें आपल्याच हातांनीं बनविलीं होतीं.

तो नकाशा एका लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडला व त्याच्या शिफारशीनें मोंज मेझिएर येथील लष्करी इंजिनियरांच्या शाळेंत दाखल झाला. पण तेथें अधिकारी होण्याचा मार्ग कुलीनांसच मोकळा होता. फेरीवाल्याच्या मुलाच्या वांट्यास नकाशे काढणें व प्लास्टरचे नमुने बनविणें, एवढेंच आलें. हें काम हलकें समजलें जाई. परंतु याच हातकामानें मोंजची दृष्टि तयार झाली, असें आम्हांस वाटतें.

लवकरच त्याच्यापुढें एक अवघड प्रश्न आला. किल्ल्याची तटबंदी अशी आखावयाची होती, कीं भोंवतालच्या उंचवट्यांवरून शत्रूच्या तोफांस आंतील माणसांवर नेम धरतां येऊं नये. यासाठीं त्या काळीं लांबलचक आंकडेमोड करावी लागे. मोंजनें रेखाकृतीनेंच उत्तर काढलें, व तें इतक्या लवकर आणून दिलें, कीं वरिष्ठ तें तपासावयासहि तयार होईना. एवढ्या वेळांत हिशेब होणेंच शक्य नाहीं, अशी त्याची खात्री होती. मोंज हटला नाहीं. शेवटीं तपासणी झाली आणि उत्तर बरोबर ठरलें.

त्याची रीत समजण्यास कठीण नाहीं. एखादी वस्तु खोलीच्या भिंतीजवळ अधांतरीं आहे, अशी कल्पना करावी. तिच्या प्रत्येक टोंकापासून एक लंब जमिनीवर व एक भिंतीवर टाकावा. जमिनीवर वस्तूचा वरून दिसणारा आकार उमटेल, भिंतीवर समोरून दिसणारा. मग भिंत व जमीन जेथें मिळतात, त्या रेषेवर बिजागरीप्रमाणें फिरवून भिंत जमिनीच्या पातळींत आडवी पाडावी. दोन्ही आकार एकाच कागदावर येतात, आणि त्यांवरून वस्तूचीं खरीं मापें काढतां येतात. ही विद्या कित्येक वर्षें लष्करी गुपित म्हणून राखली गेली. इ. स. १७९५ मध्यें पॅरिस येथील व्याख्यानांत मोंजनें ती सर्वांस शिकविली. १७९९ मध्यें ती ग्रंथरूपानें निघाली.

इ. स. १७८३ मध्यें मोंज नौदलाच्या उमेदवारांचा परीक्षक झाला. त्या वेळच्या दोन गोष्टी सांगतात. एका बड्या घराण्यांतील मुलास त्यानें नापास केलें, तेव्हां नौदलमंत्र्यानें त्यास विचार करण्यास सुचविलें. मोंजनें नम्रपणें कळविलें, कीं मुलास घेणें मंत्र्यांच्या हातीं आहे. मात्र मग परीक्षकाची जागाहि मोडून टाकावी. दुसऱ्या वेळीं मंत्र्यानें त्यास नौदलाच्या विद्यार्थ्यांसाठीं गणिताचीं नवीं पुस्तकें लिहावयास सांगितलें. पूर्वीचे परीक्षक बेझू वारले होते, आणि त्यांच्या पुस्तकांच्या विक्रीवरच त्यांच्या विधवेचा निर्वाह चाले. तिचा घास जाऊं नये, म्हणून मोंजनें तें काम नाकारलें.

राज्यक्रांतीनंतर तो कांहीं काळ नौदलमंत्री होता. इ. स. १७९४ मध्यें पॅरिस येथें जें प्रसिद्ध पॉलिटेक्निक विद्यालय निघालें, त्याच्या संस्थापकांत तो प्रमुख होता. १७९८ मध्यें नेपोलियनबरोबर इजिप्तमध्यें गेला असतां त्यानें मृगजळाचें कारण विशद केलें. नेपोलियनच्या पाडावानंतर दिवस फिरले. १८१६ मध्यें विद्वत्सभेंतून त्याचें नांव काढण्यांत आलें. ता. २८ जुलै १८१८ रोजीं तो निवर्तला. पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांस अंत्ययात्रेस जाण्याची परवानगी मिळाली नाहीं. परंतु सुटी मिळतांच ते आपल्या गुरूच्या समाधीवर पुष्पमाला घेऊन गेले. इ. स. १९८९ मध्यें त्याच्या अस्थि पॅरिसच्या पँथिऑनमध्यें, राष्ट्राच्या थोर पुरुषांजवळ, नेण्यांत आल्या.

विद्यार्थीमित्रहो, मोंजची दृष्टि हाताच्या कामानें वाढली; तुमचीहि वाढेल. साबणाची वडी किंवा बटाटा कापून आकार बनवा. तो वरून, समोरून व बाजूनें कसा दिसतो, तें रेखाटा. मग वस्तु दृष्टीआड करून, ती फिरविली तर कशी दिसेल, तें प्रथम मनांत पाहा, कागदावर काढा, आणि नंतर वस्तूशीं ताडून पाहा. रोज अर्धा तास असें केल्यास परीक्षेंतील ठोकळे परके वाटणार नाहींत. पालकांसहि आमची विनंती आहे, कीं घरांत मुलगा वा मुलगी माती, कागद, लांकूड घेऊन बसली, तर तो वेळ वायां गेला असें समजूं नये. कुळानें अडविलेल्या एका मुलास त्याच्या हातांनींच पुढें नेलें होतें.