पुरुषावर प्रेम करणाऱ्या नायकाची कादंबरी लिहिली, आणि ५७ वर्षं जगापासून लपून राहिली

मुदखेड जंक्शनवरून मनमाडच्या दिशेने निघालात की नांदेड, परभणी, जालना करत गाडी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला पोचते. उलट्या दिशेने गेलात तर निजामाबादमार्गे हैदराबाद. निजामाच्या काळात टाकलेल्या या रेल्वेमार्गाच्या दोन्ही टोकांशी एका इंग्रज लेखकाचं जिवाभावाचं नातं होतं.

त्या लेखकाचं नाव एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. 'अ पॅसेज टू इंडिया' ही गाजलेली कादंबरी त्यांचीच.

फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ चा, लंडनचा. घराणं कट्टर ख्रिस्ती. त्यांचे पणजोबा हेन्री थॉर्नटन हे क्लॅपहॅम पंथातले. गुलामगिरीविरुद्ध लढणारी, रोज घरात प्रार्थना करणारी ही माणसं. वडील लहानपणीच वारले. आई आणि आत्या-मावश्यांच्या धाकात मुलगा वाढला.

१८९५ साली ऑस्कर वाइल्ड या प्रसिद्ध लेखकाला पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून दोन वर्षं सक्तमजुरी झाली. तेव्हा फॉर्स्टर १६ वर्षांचे होते. चर्चच्या लेखी जे पाप, तेच सरकारच्या लेखी गुन्हा, हे त्या पिढीतल्या प्रत्येक समलैंगिक तरुणाला त्या दिवशी कळून चुकलं.

पुढे केंब्रिजला शिकताना फॉर्स्टर यांचा ख्रिस्ती धर्मावरचा विश्वास उडाला. पण माणसावर जीव लावायची गरज काही संपली नाही.

१९०६ मध्ये त्यांच्याकडे लॅटिनच्या शिकवणीला एक भारतीय मुलगा आला. सय्यद रॉस मसूद, सर सय्यद अहमद खान यांचा नातू. फॉर्स्टर त्याच्या प्रेमात पडले आणि पुढे त्यांनी ते त्याला सांगितलंही. मसूदच्या मनात तसं काही नव्हतं. पण त्याने मैत्री तोडली नाही, ती शेवटपर्यंत टिकली. हाच मसूद नंतर हैदराबाद संस्थानाच्या शिक्षण खात्याचा प्रमुख झाला.

मसूदच्या ओढीनेच फॉर्स्टर १९१२ साली भारतात आले. मार्च १९१३ मध्ये औरंगाबादला मसूदचा मित्र सईद मिर्झा याच्याकडे उतरले. वेरूळ, दौलताबाद पाहिलं. एकदा घोड्यावरून फिरताना सईद चिडून म्हणाला की इंग्रजांना एक दिवस इथून जावंच लागेल. 'अ पॅसेज टू इंडिया'चा शेवट याच प्रसंगातून आला.

इंग्लंडला परतल्यावर ते एडवर्ड कार्पेंटर यांना भेटले. कार्पेंटर एकेकाळचे पाद्री. १८७४ साली पाद्रीपण सोडून ते बाहेर पडले होते आणि जॉर्ज मेरिल या जोडीदारासोबत एका खेड्यात उघडपणे राहत होते. हे घर पाहून फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' लिहायला घेतली. १९१४ साली पहिला खर्डा पूर्ण झाला.

दोन पुरुषांच्या प्रेमाची ही गोष्ट. तिचा शेवट गोड करायचाच, हा त्यांचा हट्ट होता. आणि तीच अडचण ठरली. नायक मेला असता किंवा तुरुंगात गेला असता तर कदाचित पुस्तक छापलं गेलंही असतं. सुखी समलैंगिक माणूस छापणं मात्र धोक्याचं होतं.

या कादंबरीत बोरेनियस नावाचा पाद्री आहे. अशा संबंधांना कायद्याने शिक्षा झाल्याशिवाय चर्चला इंग्लंड परत जिंकता येणार नाही, असं त्याचं मत. हा पाद्री लक्षात ठेवा.

१९२१ मध्ये फॉर्स्टर पुन्हा भारतात आले, देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून. मराठ्यांचा दरबार. तिथे त्यांनी गोकुळाष्टमी पाहिली. स्वतः महाराज देवासमोर गात-नाचत होते. देवाच्या दारात हसणं-खिदळणं चालतं, याचं त्यांना नवल वाटलं. ख्रिस्ती धर्मात हीच गंमत नाही, अशी त्यांची तक्रार होती. इथेच त्यांनी महाराजांना आपलं मन मोकळं केलं. महाराजांनी ऐकून घेतलं, हाकलून दिलं नाही. ती गोकुळाष्टमी पुढे कादंबरीत आली, तुकारामांच्या नावाच्या गजरासकट.

१९२४ साली 'अ पॅसेज टू इंडिया' आली. अर्पण मसूदला. त्यानंतर फॉर्स्टर ४६ वर्षं जगले, पण पुन्हा एकही कादंबरी छापली नाही. स्त्री-पुरुषांच्या प्रेमाबद्दल लिहून ते कंटाळले होते आणि जे लिहायचं होतं ते छापता येत नव्हतं.

आता त्या पाद्र्याकडे परत येऊ. कादंबरीतल्या बोरेनियसला जे हवं होतं, त्याच्या नेमकं उलटं घडलं. १९५४ साली चर्च ऑफ इंग्लंडच्याच एका मंडळाने अहवाल काढला. दोन प्रौढ पुरुषांनी राजीखुशीने, खाजगीत ठेवलेले संबंध हा गुन्हा धरू नये, असं त्यात म्हटलं होतं. १९५७ च्या वुल्फेंडन समितीनेही तेच सांगितलं. कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅमसे यांनी लॉर्ड्स सभागृहात या बदलाला पाठिंबा दिला. त्यांच्या मते हे पापच होतं, पण प्रत्येक पाप हा गुन्हा नसतो. १९६७ मध्ये इंग्लंडचा कायदा बदलला. फॉर्स्टर तेव्हा ८८ वर्षांचे होते.

तरीही 'मॉरिस' कपाटातच राहिली. ७ जून १९७० रोजी फॉर्स्टर गेले, ते त्यांचा जिवलग बॉब बकिंगहॅम आणि त्याची बायको मे यांच्या घरी. पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, कादंबरी छापून आली.

भारतात त्याच इंग्रजांनी आणलेलं कलम ३७७ होतं. सुप्रीम कोर्टाने ते प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं.

चर्चमधला वाद आजही मिटलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला पाद्र्यांना मुभा दिली, पण त्याला लग्न मानलं नाही. त्याच महिन्यात चर्च ऑफ इंग्लंडनेही नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यांसाठी प्रार्थना सुरू केल्या. काही ख्रिस्ती लोकांना हे बायबलविरोधी वाटतं, काहींना फारच अपुरं.

फॉर्स्टर यांनी या वादात देवाची बाजू घेतली नाही आणि देवाविरुद्ध आरडाओरडाही केला नाही. धर्मापेक्षा माणसामाणसातलं नातं मोठं, एवढंच ते मानत आले. त्याची किंमत मात्र त्यांनी मोजली. आपल्या मनातलं सगळ्यात खरं पुस्तक लोकांच्या हातात पडलेलं त्यांना कधीच पाहता आलं नाही.